एका ‘र’ची किंमत दोन लाख पस्तीस हजार

प्रवेशाचं पत्र आलं ते शुक्रवारी संध्याकाळी, परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीच्या व्हॉट्सॲपवरून. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाचं लेटरहेड, कोपऱ्यात गोल शिक्का आणि मजकुराची पहिलीच ओळ ‘झेअर गेएर्टर फ्राउ’, पुढे माझं आडनाव. मी जर्मनची सी-वन, म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा पास आहे. बाईला लिहिताना ‘गेएर्टे’, पुरुषाला ‘गेएर्टर’. हे ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या वर्गात शिकवतात आणि चुकलं की मॅडम लाल पेनाने गोल करतात. तो जास्तीचा ‘र’ मला पहिल्याच नजरेत खटकला होता. पण मनाने लगेच वकिली सुरू केली: क्लार्क लोक जुन्याच पत्रात नाव बदलून पाठवतात, राहिलं असेल. तोवर आईने देवापुढे साखरसुद्धा ठेवली होती.

बी.ए. जर्मन केलं, मग रानडे इन्स्टिट्यूट, मग मॅक्समुल्लर भवनाच्या परीक्षा. पुण्यात या वाटेने जाणाऱ्यांची कमी नाही आणि पुढची वाटही बहुतेकांची एकच असते. मी खराडीला एका कंपनीत जर्मन ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायचे. पगार बरा होता, पण दिवसभर ‘तुमचं पार्सल कुठे अडकलंय’ एवढंच भाषांतर. मला कॉन्फरन्स इंटरप्रिटिंगमध्ये, म्हणजे परिषदांमधल्या दुभाषेगिरीत एम.ए. करायचं होतं. माइन्त्स विद्यापीठाचा गेर्मर्सहाइमला भाषांतर आणि दुभाषेगिरीचा स्वतंत्र विभाग आहे, त्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये दोन वर्षं होते.

कन्सल्टन्सी कर्वे रोडला, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर ब्रांडेनबुर्ग गेट, आत गेल्या गेल्या फुकट कॉफी. तिथल्या मॅडम बाबांना पहिल्या मिनिटापासून ‘काका’ म्हणायला लागल्या. म्हणाल्या, ‘काका, हा कोर्स झाला की जिनिव्हाला यूएनमध्ये दुभाषी. दोन वर्षांत पैसे वसूल.’ यूएनच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, अरबी. जर्मन त्यांत नाही. हे मला माहीत होतं हो! युरोपियन युनियनमध्ये जर्मन चालते, पण तिथल्या कायम नोकरीला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, हेही वाचलेलं होतं. मी बाबांकडे बघितलं, ते हसत होते. मी गप्प बसले.

दुसरी थाप याहून मोठी होती. ‘प्रवेशपरीक्षा नाही, आमचा टाय-अप आहे.’ कॉन्फरन्स इंटरप्रिटिंगच्या एम.ए.ला गेर्मर्सहाइमला आणि हायडेलबर्गलाही प्रवेशाआधी पात्रता परीक्षा असते. भाषण ऐकून ते दुसऱ्या भाषेत उभ्या उभ्या मांडता येतं का, हे पाहिल्याशिवाय कुणाला दुभाष्याच्या बूथमध्ये बसवणार? पण मला त्याच परीक्षेची धास्ती होती. ती द्यावी लागणार नाही म्हटल्यावर मला सुटल्यासारखंच वाटलं. फसवणाऱ्याला आपली भीती बरोबर सापडते.

आता पैशांचं. सल्ला फी साठ हजार, रोख. ‘पाच विद्यापीठांचे अर्ज’ पंचावन्न हजार, तेही एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर, यूपीआयने. तेव्हा स्वतः हिशोब करायला हवा होता. युनी-असिस्ट या जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज करायचे असतील तर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. म्हणजे पाचांचे १९५ युरो, तेव्हाच्या भावाने अठरा-एकोणीस हजार रुपये. अर्जासाठी माझ्या नावाने नवा ईमेल त्यांनीच उघडला. पासवर्ड मागितला तर म्हणाल्या, ‘मुलं मध्येच काहीतरी क्लिक करतात आणि अर्ज बाद होतो.’ आणि त्या ‘र’वाल्या पत्रानंतर ‘सीट पक्की करायला’ एक लाख वीस हजार. सरकारी विद्यापीठात सीट बुक करायची पद्धतच नाही. प्रवेश मिळाल्यावर सेमिस्टरचं अंशदान भरायचं असतं, तेही थेट विद्यापीठाला. ट्यूशन फी बहुतेक राज्यांत नाहीच. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, म्हणजे हायडेलबर्गला जाणाऱ्याने ते धरून चालावं.

अडलं ते ब्लॉक्ड अकाउंटवर. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आपल्या नावाने खात्यात दाखवावे लागतात, तिथे पोचल्यावर ते महिन्यामहिन्याने आपल्यालाच परत मिळतात. मॅडमनी सांगितलं, रक्कम आमच्या खात्यावर टाका, आम्ही पुढे पाठवतो. अकरा लाखांच्या वर रक्कम जात होती. बाबा बँकेत एफडी मोडायचा फॉर्म भरत होते आणि तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, ‘मुलीचं खातं तिच्या नावावर आहे ना?’ बाबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन मला म्हणाले, ‘अगं, तुझ्या नावावर काय काय आहे ते तरी सांग.’

माझ्या नावावर काहीच नव्हतं. एपीएससाठी, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, मी मॅडमना विचारलं होतं, कारण १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला ते प्रमाणपत्र लागतंच. त्याची १८,००० रुपये फी मी भरायला तयार होते. तर म्हणे, आमच्या कोट्यातून होईल. त्या रात्री मी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः जर्मनमध्ये मेल लिहिला, पत्र जोडलं. सोमवारी दोन ओळींचं उत्तर आलं: या क्रमांकाचा अर्ज आमच्याकडे नाही, आणि जोडलेलं पत्र आमचं नाही. त्या उत्तरात मात्र ‘गेएर्टे’ बरोबर होतं.

पुढचं थोडक्यात. पोलीस चौकीत आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ ऐकलं. बनावट पत्र आणि विद्यापीठाचा मेल छापून पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. यूपीआयच्या रकमेची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवली, पण तोपर्यंत खूप दिवस उलटले होते. रोखीच्या साठ हजारांची पावती साध्या कागदावर होती, त्यावर शिक्कासुद्धा नाही. कन्सल्टन्सीने ‘तडजोड’ म्हणून सत्तर हजार परत केले, तक्रार मागे घ्या म्हणून. ती मी घेतलेली नाही.

कुणी खासगी संस्थेचं नाव पुढे केलं तर अनाबिन या जर्मन सरकारी यादीत तिच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त असल्याची खूण, आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळं फुकट. युनी-असिस्टचं खातं, ईमेल, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, सगळ्यांचे पासवर्ड आपल्याच वहीत हवेत. सल्लागार घ्यायचा तर घ्या, चांगलेही असतात, पण अर्जावर बसायचं आपण.

मागच्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले होते. ब्रांडेनबुर्ग गेट काढलंय, त्या जागी फुजी पर्वत लागलाय. नाव नवं, कॉफीचं मशीन तेच. खाली फलकावर लिहिलंय: जपानमध्ये मास्टर्स आणि नोकरी, एन-फोर (जपानीची खालून दुसरी पातळी) असला तरी चालेल.