ल आव्र: क्रूझचा तो एक दिवस पॅरिसला नको, याच गावाला द्या

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ल आव्र बंदराला जहाज लागतं त्या दिवशी पॅरिसला जाऊ नका. एवढं एकच वाक्य वाचून तुम्ही थांबलात तरी माझं काम झालं. ज्यांना कारणं हवी आहेत त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

मी मूळची वेंगुर्ल्याची. क्रूझच्या जहाजावर शोअर एक्स्कर्शनच्या डेस्कवर काम करते. बंदरात उतरून कुठे जायचं त्याच्या सहली विकायच्या आणि संध्याकाळी परत आलेल्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. गेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आमचं जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघून जवळजवळ प्रत्येक फेरीत ल आव्रला थांबायचं. एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यापासून ऑक्टोबरच्या पावसापर्यंत हे गाव मी ड्युटी सुटेल तसं, कधी सकाळी तर कधी दुपारी, पायी आणि ट्रामने पाहत राहिले. त्यामुळे हा एका दिवसाच्या पाहुण्याचा अनुभव नाही.

आधी पॅरिसचं. वेळापत्रकात बंदराचं नाव बहुतेक वेळा ‘पॅरिस (ल आव्र)’ असंच छापलेलं असतं, आणि आपली माणसं बुकिंग करताना पहिला शब्दच वाचतात. पॅरिस इथून सुमारे २०० किलोमीटर आहे. बसने एका बाजूला तीन तास धरा, शहराच्या तोंडाशी ट्रॅफिक लागला तर जास्तच. जहाज धक्क्याला असतं दहा-बारा तास, त्यातले सहा बसमध्ये गेले. उरलेल्या वेळात आयफेल टॉवरसमोर फोटो, सीन नदीच्या काठाने एक चक्कर, घाईघाईत पोटात चार घास, आणि पुन्हा बस. पुण्याचे एक काका-काकू अशी सहल करून रात्री डेस्कपाशी आले. काकूंचे पाय सुजले होते. म्हणाल्या, “अगं, पॅरिस पाहिलं म्हणायचं की पॅरिसचा हायवे, तूच सांग.” मी ही सहल विकते, पण कोणी विचारलं तर हा सगळा हिशेब समोर मांडूनच विकते.

आता गाव. पहिल्या नजरेला ल आव्र आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. डेकवरून क्रेन, कंटेनर, टाक्या आणि त्यामागे राखाडी काँक्रीटच्या सरळ इमारती दिसतात. फ्रान्स म्हटल्यावर मनात जे चित्र असतं त्यातलं इथे काही नाही, कारण ते सगळं एका आठवड्यात गेलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रांस्वा याने १५१७ मध्ये वसवलेलं हे बंदर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात होतं. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी गावाच्या मध्यभागावर बॉम्ब टाकले. शत्रूच्या नव्हे, सोडवायला आलेल्या मित्रांच्या बॉम्बनी गावाचा गाभा भुईसपाट झाला. मित्रसैन्याने गावाला घातलेल्या वेढ्यात सुमारे दोन हजार नागरिक गेले. जवळजवळ ऐंशी हजार माणसं बेघर झाली. हे माहीत नसताना इथे फिरलात तर नुसतं काँक्रीट दिसेल. माहीत असलं की प्रत्येक कोपरा वेगळा दिसायला लागतो.

पुन्हा बांधायचं काम मिळालं ओग्युस्त पेरे या वास्तुकाराला. तेव्हा तो सत्तरीचा होता. चंडीगड घडवणारा ल कॉर्ब्युझिए तरुणपणी याच पेरेच्या ऑफिसात काम शिकला. पेरेने सगळ्या गावासाठी ६.२४ मीटरचं एक माप ठरवलं आणि इमारती, खांब, रस्ते त्या जाळीवर बसवले. घाईने आणि स्वस्तात बांधायचं होतं, पण हलकं नाही बांधलं. जवळ जाऊन खांबावर हात फिरवून पाहा. काँक्रीटमध्ये मुद्दाम वेगवेगळ्या खडीचा चुरा मिसळून वरचा थर छिन्नीने टोकरलेला आहे, म्हणून कुठे गुलाबी तर कुठे पिवळसर झाक दिसते. पाऊस पडून गेल्यावर ती जास्त उठून दिसते. २००५ मध्ये युनेस्कोने या मध्यभागाला जागतिक वारसा ठरवलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथला नमुना फ्लॅट आवर्जून बघावा. त्या काळचं फर्निचर, स्वयंपाकघर, भांडी, सगळं मांडून ठेवलंय. नुकतंच सगळं गमावलेल्या घराला प्रत्येक खोलीत उजेड आणि गरम हवा मिळावी म्हणून किती बारकाईने विचार केला होता ते तिथे कळतं. गाईडसोबतच आणि ठरावीक वेळीच सोडतात, तेव्हा आधी वेळ बघून ठेवा.

पण एकच जागा बघायला वेळ असेल तर सेंट जोसेफचं चर्च. सॅं-जोसेफ म्हणतात तिकडे. बाहेरून ते दीपगृहासारखं दिसतं, मनोरा १०७ मीटर उंच. आतमध्ये उघडं काँक्रीट, साच्याच्या फळ्यांच्या रेषासुद्धा तशाच ठेवलेल्या. मधोमध उभं राहून मान वर केली की मनोरा आतून पोकळ असल्याचं लक्षात येतं, थेट टोकापर्यंत, आणि चारी बाजूंनी रंगीत काचा. मार्गरीत ह्युरे या बाईंनी केलेल्या त्या काचा १२,७६८ आहेत. उत्तरेला आणि पूर्वेला थंड रंग, दक्षिणेला आणि पश्चिमेला केशरी, सोनेरी. वर जावं तसतसे रंग फिकट होत जातात. मी तिथे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बसलेय. सकाळी भिंतीवर हिरवट-जांभळे चौकोन असतात, दुपारनंतर तीच भिंत तांबूस होते. ढग सरकला की रंगांचे चौकोन एका खांबावरून पुसट होत जातात आणि पलीकडच्या खांबावर उमटतात. कोणी काही बोलत नाही. पेरे १९५४ मध्ये वारला, चर्च पुरं झालं ते त्यानंतर. युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची आठवण म्हणून ते बांधलंय, आणि आत गेल्यावर ते कोणी सांगावं लागत नाही. तिकीट नाही. ज्यांना मी तिथे पाठवलं त्यांच्यापैकी ‘उगाच गेलो’ म्हणत परत आलेलं मला कोणी आठवत नाही.

म्युमा, म्हणजे समुद्राच्या तोंडावरचं काचेचं संग्रहालय, १९६१ पासूनचं. चित्रकार क्लोद मोने लहानाचा मोठा याच गावात झाला. ज्या चित्रामुळे त्याला आणि त्याच्या साथीदार चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव पडलं, ते सूर्योदयाचं चित्र त्याने १८७२ मध्ये इथल्याच धक्क्यावरच्या हॉटेलच्या खिडकीतून काढलं. मूळ चित्र पॅरिसला मार्मोताँ संग्रहालयात आहे, इथे शोधू नका. इथे बघायची ती ब्युदँ या चित्रकाराची चित्रं. मोनेला उघड्यावर जाऊन रंगवायला लावलं ते याच ब्युदँने. त्याचे आभाळाचे, गाईंचे, समुद्रकिनाऱ्याचे छोटे छोटे अभ्यास इथे भिंत भरून लावलेत. बघून बाहेर आलात की समोर तेच आभाळ असतं, दर पाच मिनिटांनी बदलणारं. सोमवारी बंद असतं. तुमचं जहाज सोमवारी लागत असेल तर हा बेत सोडून द्या.

निमायर या ब्राझीलच्या वास्तुकाराने बांधलेला ‘व्होल्कान’ गावाच्या मधोमध आहे. दोन पांढऱ्या, वळणदार इमारती. मोठीत नाट्यगृह, धाकटीत २०१५ पासून सार्वजनिक वाचनालय. क्रूमधल्यांना हे वाचनालय पाठ असतं: फुकट वायफाय, बसायला आरामशीर खुर्च्या आणि स्वच्छ टॉयलेट. प्रवाशांनीही लक्षात ठेवावं, कारण या तिन्ही गोष्टी युरोपात एका ठिकाणी सहज मिळत नाहीत.

समुद्रकिनाऱ्याला ट्राम थेट जाते, शेवटचा स्टॉप. वाळू शोधू नका, सगळे गोटे आहेत. चप्पल काढून चालणं जमत नाही. उन्हाळ्यात पांढऱ्या लाकडी खोपट्यांच्या रांगा असतात, रंगीत पट्टे मारलेल्या. वारा मात्र कायम. छत्री उलटी होते, त्यापेक्षा टोपीचं जाकीट आणा, जुलैमध्येसुद्धा. धक्क्यावर ३६ रंगीत कंटेनरच्या दोन कमानी दिसतील, २०१७ मध्ये गावाला पाचशे वर्षं झाली तेव्हा उभारलेल्या. फोटोला छान. मला त्यापेक्षा ‘फ्रान्स’ जहाजाच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, तुकडा जास्त भिडतो. ३१६ मीटरचं हे जहाज १९६२ मध्ये इथून न्यूयॉर्कला जायला लागलं, १९७४ मध्ये बंद पडलं आणि पुढे कित्येक वर्षं इथल्याच एका धक्क्याला बांधून ठेवलं होतं. नंतर ते ‘नॉर्वे’ नावाने क्रूझ जहाज झालं आणि शेवटी तोडायला आलं ते आपल्याकडे, गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर. नाळेचा तुकडा लिलावात फ्रान्सला गेला आणि २०१८ मध्ये परत ल आव्रला आला. ज्या हातांनी तो कापला ते आपल्या देशातले होते. जहाजावर पोट असलेल्या माणसाला तिथून पटकन पाय उचलत नाही.

मासेबाजार छोटा आहे, होड्यांच्या धक्क्याशेजारीच, आणि सकाळीच जायला हवं. आपल्या बांगड्याचा भाऊबंद तिथे मिळतो, लेपीसारखा सोल मिळतो, बारीक करडी कोळंबी, शंख, आणि ऑक्टोबरपासून मोठे शिंपले. कोळणी इथेही ओरडून भाव सांगतात. शिजवून खायची सोय जहाजावर नाही, पण बघायलाच जा.

शाकाहारी मंडळींनी क्रेपच्या दुकानात कुट्टूच्या पिठाचा गालेत, म्हणजे घावनासारखा प्रकार, मागावा, चीज आणि मश्रूम घातलेला. ‘सां व्यांद, सां पोआसों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करून ठेवा, नाहीतर वरून हॅमची पट्टी येते. दुपारी दोननंतर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं. जहाजावर चोवीस तास खायची सवय लागलेले लोक इथे उपाशी राहतात. कुठेही शिरताना आधी ‘बाँज्युर’ म्हणा, मग विचारा. तसं न म्हणता थेट प्रश्न टाकलेला इथल्यांना उद्धटपणा वाटतो, आणि त्यावरून आपल्या लोकांचे चेहरे पडलेले मी पुष्कळदा पाहिलेत. रविवारी दुकानं बहुतेक बंद. खरेदीचा विचार असेल तर तो दिवस वाया गेला समजा.

धक्क्यापासून गावात चालत अर्धा तास लागतो, रस्ता सपाट पण कंटाळवाणा. शटल बस असते, बहुतेक वेळा पैसे देऊन. गुडघ्यांचा त्रास असेल तर शटलच घ्या. आणि गँगवेकडे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाकडे, लक्ष ठेवा. या बंदरात उधाणाला पाणी सात-आठ मीटर चढतं-उतरतं. आमच्या वेंगुर्ल्याला त्याच्या निम्म्यानेही नाही. त्यामुळे सकाळी तुम्ही ज्या डेकवरून उतरता, तो दरवाजा संध्याकाळपर्यंत एक मजला खाली किंवा वर गेलेला असतो. मग गँगवे दुसऱ्या डेकला लावतात, आणि लावायच्या आधी त्याचा उतार जिन्यासारखा झालेला असतो. व्हीलचेअरवाल्यांनी सकाळीच क्रूला विचारून ठेवावं की उतार कधी कमी असेल. आम्हाला ते माहीत असतं, विचारलं की आनंदाने सांगतो.

गाव नकोच वाटत असेल, तर पॅरिसऐवजी दोन पर्याय जवळ आहेत. ऑनफ्लर हे सीनच्या पलीकडचं जुनं बंदर. तिथे जाताना १९९५ मध्ये खुला झालेला नॉर्मंडी पूल लागतो. मधला गाळा ८५६ मीटरचा, तोही फक्त तारांवर तोललेला. जहाज बांधणाऱ्या सुतारांनी पंधराव्या शतकात लाकडात बांधलेलं सेंट कॅथरिनचं चर्च तिथे आहे, आत छताकडे पाहिलं की उलटी घातलेली होडीच. दुसरं एत्रता, खडूच्या पांढऱ्या कड्यांचं आणि समुद्रात उतरलेल्या कमानींचं. सुंदर आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावर माणसांची रांग असते. गोटे उचलून आणायला तिथे बंदी आहे, मुलांना आधीच सांगा. दोन्हीकडे साधी बस जाते, पण फेऱ्या कमी. परतीची बस चुकली तर टॅक्सीचं भाडं झोंबतं, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. तेव्हा परतीची शेवटून दुसरी बस हीच आपली शेवटची बस धरून चला.

व्हिसाचं आधीच बघा. साउदॅम्प्टनहून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझसाठी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा, आणि फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसाही हवा.

आणि ज्यांनी पॅरिस कधीच पाहिलं नाही त्यांनी हळहळू नका. क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन-तीन रात्री पॅरिसला स्वतंत्र राहा. बजेट बसत नसेल, तर सहलीला द्यायचे पैसे बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी जा. ज्यांची क्रूझ ल आव्रलाच सुरू होते किंवा संपते त्यांचं तर सोपंच आहे. ल आव्र स्टेशनवरून पॅरिसच्या सॅं-लाझारला थेट ट्रेन आहे, सव्वादोन तासांच्या आसपास. बॅगा घेऊन ट्रामने स्टेशनपर्यंत जाता येतं.