किलिमांजारो, मारांगू मार्गाने : टांझानियातल्या मोशीच्या गाइड कंपनीचा अनुभव
साठीला टेकलेल्या गुडघ्यांना तंबू झेपणार नव्हता, म्हणून मुक्कामाला झोपड्या असलेला मारांगू मार्ग घेतला. वाटाड्या उत्तम, कुणालाही घाई करू देत नाही. ३७२० मीटरवरच्या होरोंबो मुक्कामी हवेची सवय व्हायला एक जादा दिवस मागूनच घ्या. स्वस्त पॅकेजात तो नसतो आणि विरळ हवा मग वसूल करते. सूप रोज तेच, मेतकूट न्या. किबो या शेवटच्या मुक्कामाहून मध्यरात्री निघाल्यावर विवराच्या कडेवरच्या गिलमन्स पॉइंटपर्यंतचा घसारा जीव काढतो. १८८९ मध्ये पहिल्यांदा माथा गाठणाऱ्या हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर यांना वर बर्फात पायऱ्या खोदाव्या लागल्या होत्या! उरलेल्या हिमनद्या बघायला ५८९५ मीटरवरच्या उहुरू या सर्वोच्च शिखरापर्यंत जाच. भाड्याची स्लीपिंग बॅग मात्र नको, चेन तुटकी निघाली. हमालांच्या टिपेसाठी सुटे डॉलर ठेवा.