कॅनिंगचे स्टीम व्हॉल्व्ह या वर्कशॉपमधून स्टेलाइट (झीज सोसणाऱ्या कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर) करून घेतले, एक सीझन चालवून लिहितोय

आमचं रत्नागिरीत आंब्याच्या पल्पचं छोटं कॅनिंग आहे, सीझनला केटल (वाफेवर पल्प शिजवायचं भांडं) सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, आणि दर वर्षी एकच दुखणं, केटलवरचा दीड इंची ग्लोब व्हॉल्व्ह मेच्या मध्यावर धरतच नाही. चाक कितीही आवळा, वाफ फुसफुसतेच, मग पोरं पाना लावून आवळतात आणि स्पिंडल पण जातं. दोन वर्षांत तीन नवीन घेतले, दर वेळी "एसएस सीट आहे, काय होत नाय" ऐकून (सीट म्हणजे व्हॉल्व्ह बंद करताना आतली डिस्क जिच्यावर बसते ती रिंग, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील).

इथे घेऊन आलो तर मालकांनी डिस्क उजेडात धरली आणि मला नख फिरवायला सांगितलं. तिच्या सीटवर टेकणाऱ्या रिंगवर आडवा बारीक चर, दोऱ्याने साबण कापावा तसा. याला वायर ड्रॉइंग म्हणतात, व्हॉल्व्ह जरासाच उघडा ठेवला की ओली वाफ त्या फटीतून जोरात जाते आणि त्यातले पाण्याचे थेंब धातू खातात. आमच्याकडे पल्प करपू नये म्हणून व्हॉल्व्ह दिवसभर पाव फेराच उघडा असतो, म्हणजे कारण समोरच होतं, पण आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मी टंगस्टन कार्बाइडच मारून घ्यायचं ठरवून गेलेलो, सगळ्यात कडक तेच म्हणून. त्यांनी सरळ नको सांगितलं, आणि इथेच माझा विश्वास बसला कारण काम महागातलं होतं, घेता आलं असतं. वाळूचा कण विकर्सवर (कडकपणा मोजायचं एक माप) साधारण ११०० भरतो, कार्बाइड त्याच्या वर, म्हणून वाळूमिश्रित पाण्याच्या लाइनला ते बरोबर, पण ठिसूळ, आमच्यासारखं गार सीटवर एकदम वाफ सोडायची आणि वर पाना मारायचा तर कडा उडणार. ३१६ नंबरचं एसएस गंजाला चांगलं पण मऊ, आणि एसएसवर एसएस दाबून फिरवलं की एकमेकाला चिकटून सोलतं. स्टेलाइट ६ कोबाल्टचं, त्यात २८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ४-५ टक्के टंगस्टन, रॉकवेल सी वर (कडकपणाचंच दुसरं माप) ४० च्या आसपास, म्हणजे आकडा काही फार मोठा नाही, पण तापल्यावर मऊ पडत नाही आणि थेंबांचा मारा सोसतं. वाफेला तेच पायजे.

काम मी उभं राहून बघितलं. रिंग आधी तापवली, टिग वेल्डिंगने स्टेलाइटचे दोन थर दिले (पहिल्या थरात खालचं लोखंड मिसळतं म्हणून एकावर भागत नाही), आणि लगेच राखेत पुरून ठेवली, रात्रभर. पटकन गार झाली तर चिरते. दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंग, मग चीर शोधायला लाल डाय लावून पुसली आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला, एका रिंगवर केसाएवढी लाल रेघ उमटली, तर ती माझ्यासमोर बाजूला काढून परत भरायला घेतली. मला ती रेघ दाखवली नसती तरी कळलं नसतं. तयार रिंग अशी चमकते की एलवुड हेन्सने १९०७ मध्ये पेटंट घेतलेल्या या धातूला लॅटिनमधल्या ताऱ्यावरून नाव का दिलं ते लगेच पटतं. शेवटी निळा रंग लावून डिस्क आणि सीटचं मॅचिंग, पूर्ण गोल ठसा येईपर्यंत लॅपिंग (एकमेकांवर बारीक घासणं).

सीझन संपल्यावर उघडून बघितलं, नख कुठेच अडलं नाही. खर्च नव्या व्हॉल्व्हच्या निम्म्याहून कमी.

बॉयलरवरचे आयबीआरवाले (सरकारी बॉयलर नियमांखाली येणारे) व्हॉल्व्ह त्यांनी हातात घेतले नाहीत, पीआरव्हीच्या (वाफेचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचे ३ किलो दाबाचेच घेतले, ते मला बरोबर वाटलं. वेळ मात्र लागतो, चार दिवसांचे नऊ दिवस झाले आणि फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. काम शिमग्याच्या आधी टाका, पालखीला सगळे कारागीर गावी जातात आणि परत येईपर्यंत पहिला आंबा आलेला असतो.