कॉम्प्युटर गरम होतोय म्हणून दुरुस्तीला दिला, प्रोसेसरच बदलून आला

परभणीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, कॉम्प्युटर दुपारचा आपोआप बंद पडायला लागला. बाहेर ४३ अंश, दुकानात पंख्याखाली ४०. कोरलड्रॉमधून पत्रिकेची मोठी फाइल पीडीएफ करायला टाकली की आतला पंखा घरघरायचा, माउस अडखळायचा आणि स्क्रीन काळी. एका मुलीचे वडील पत्रिकेसाठी समोर बसून होते. त्या घाईत मी सीपीयूचा डबा उचलला आणि जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदारानं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, प्रोसेसर जळायच्या बेतात हाय. आज नाही केलं तर मदरबोर्ड बी जाईल. ठेवून जा, चिप लेव्हलचं काम हाय.” प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप आणि मदरबोर्ड म्हणजे ती जिच्यावर बसते ती पाटी, मी घाबरलो. दोन दिवसांनी ४,५०० रुपये घेतले. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला, म्हणून साध्या चिठ्ठीवर ‘सर्व्हिसिंग’ एवढंच लिहून घेतलं. तिथंच मी फसलो.

चार दिवसांत पुन्हा तेच, शिवाय मशीन आधीपेक्षा मंद. परत गेलो तर म्हणे, “ऊनच तेवढं पडायलंय, आम्ही काय करावं?” यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. प्रोसेसर थंड करायला पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे तो खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असेल आणि आता ४० वर, तर आतला आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. पण नीट बसवलेलं मशीन त्यातही बंद पडत नाही.

भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, तो सुटीत आला. त्यानं कोअर टेम्प नावाचं, प्रोसेसरचं तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. काहीही चालू नसताना ७१ अंश. पीडीएफ करायला टाकली तर अर्ध्या मिनिटात १००. “मामा, याची मर्यादाच १०० आहे,” तो म्हणाला. “तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. जळू नये म्हणूनच बंद पडतंय हे.” म्हणजे ‘जळायच्या बेतात’ ही मला घातलेली भीती होती.

मग त्यानं डबा उघडला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, चार काळ्या खुंट्यांनी मदरबोर्डवर दाबून बसतो. त्यातली एक खुंटी वर आलेली, बोट लावलं की हलत होती. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा नमदा बसलेला. हीटसिंक काढला तर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून खपली झालेली, ती पुसलीही नव्हती. ४,५०० रुपयांत २०० रुपयांची पेस्टसुद्धा नाही.

भाच्यानं कापूस स्पिरिटमध्ये बुडवून प्रोसेसरचं टोपण पुसायला घेतलं. करडा लेप हळूहळू निघाला आणि कोरलेली अक्षरं दिसली: आय३-७१००. मी २०१७ साली घेतलेला त्याहून वरच्या दर्जाचा आय५-७४०० होता. जुनं बिल आणि खोकं कपाटात होतं. खोक्याच्या लेबलावर बॅच नंबर असतो, तोच टोपणावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळेनात.

आठ दिवस मला हे कळलं कसं नाही? दोन्ही मदरबोर्डवरच्या एकाच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसतात. कॉम्प्युटरवर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये दोन्हींचे चारच चौकोन दिसतात, पण आय५ मध्ये खरे चार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत; आय३ मध्ये दोनच, ते प्रत्येकी दोन असल्यासारखे दिसतात. वर आय३ च्या नावापुढे वेगाचा आकडा ३.९ गिगाहर्ट्‌झ लिहून येतं आणि माझ्या आय५ च्या पुढे ३.०, म्हणजे आकडा बघणाऱ्याला नवाच बरा वाटावा.

खोकं घेऊन दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, “तुमी आणला तवाच असा होता.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. देताना नाव दिसेल असा स्क्रीनचा एक फोटो काढला असता, चिठ्ठीवर ‘आय५-७४००’ लिहून घेतलं असतं, तर त्याला हे बोलता आलं नसतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण मशीन दिल्याचा धड कागद नाही, ही अडचण तिथंही आहेच.

धूळ झाडून, नवी पेस्ट लावून भाच्यानं चारही खुंट्या दाबल्या, प्रत्येकीचा टक् असा आवाज आला. त्याच दुपारी, त्याच उन्हात, काम नसताना ५२ आणि पीडीएफ करताना ७६. काम आय३ वरच चाललंय.

परवा जिंतूरहून एक ओळखीचे शिक्षक आले, सीपीयू सोबत. दुपारी बंद पडायलाय, दुकानात टाकून येतो म्हणाले. मी त्यांना बसवलं, आधी प्रोसेसरच्या नावाचा फोटो काढायला लावला आणि त्यांच्या समोरच डबा उघडला. दोन खुंट्या निघालेल्या होत्या.