चेन की डायरेक्ट ड्राइव्ह: लाइव्हसाठी कोणतं पेडल?

बास ड्रमच्या जुन्या पेडलची साथ सुटत चाललेला एक ड्रमर मित्र गेले काही दिवस चेन आणि डायरेक्ट ड्राइव्ह या दोन प्रकारांत अडकलाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी पायाला काय जाणवतं ते. चेन पेडलमध्ये पायपट्टी आणि बीटर (बास ड्रमवर आदळणारा दांडा) साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे किंचित सैलपणा असतो. बीटर परत येताना साखळी क्षणभर ढिली पडते आणि पायाला श्वास मिळतो. डीडब्ल्यू ५००० किंवा टामा स्पीड कोब्रासारख्या चेन पेडलवर हे लगेच कळतं. पर्ल डीमन ड्राइव्हसारख्या डायरेक्ट पेडलमध्ये साखळीच्या जागी धातूची कडक दांडी असते. पाय हलला की बीटर हललाच. जलद डबल स्ट्रोक (एकाच पायाचे लागोपाठ दोन ठोके) त्यावर स्वच्छ निघतात, पण पायाची प्रत्येक चूकही तितकीच स्वच्छ ऐकू येते! सवय व्हायला काही आठवडे द्यावेच लागतात.

खर्चात चेन बहुधा स्वस्त.

टिकाऊपणात मला चेनच उजवी वाटते. साखळी झिजली तर बदलता येते. डायरेक्टमध्ये दांडीच्या सांध्यांना आणि बेअरिंगला जरा ढिलाई आली की खडखड सुरू होते, आणि सुटे भाग त्या मॉडेलचेच लागतात. स्प्रिंगचा नट मात्र दोन्हींत कंपनाने सैल होतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो हाताने तपासाच.

रॉक, पॉप, फंक असं सगळं वाजवत असाल, सामान सतत गाडीत चढत-उतरत असेल, तर चेन घ्या. मेटल, सलग सोळांश (एका मात्रेत चार ठोके) आणि रोजचा रियाझ असेल, तर डायरेक्ट.