साठ टर्नची बंदूक: गर्प्स आठ महिने खेळल्यानंतर

गर्प्स म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाचं नियमांचं पुस्तक. पहिल्याच मोहिमेत, म्हणजे आम्ही खेळलेल्या पहिल्या गोष्टीत, माझं या पुस्तकाशी वाजलं. जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघालेत, बाजीप्रभू मागे घोडखिंडीत उभे, आणि आमची टोळी त्यांच्यासोबत. माझ्या भाच्याने मोठ्या हौसेने तोड्याची बंदूक घेतलेली. पहिल्या टर्नला त्याने बार काढला, समोरचा एक गडी पडला, टेबलावर आरडाओरडा झाला. पुढच्या टर्नला त्याने परत फासे उचलले तेव्हा मी तक्त्यात बघितलं. बंदूक पुन्हा भरायला साठ सेकंद, आणि गर्प्समध्ये एक टर्न म्हणजे एक सेकंद. म्हणजे साठ टर्न!

पोरगं गप्प बसलं. बाकीचे तलवारी चालवत होते आणि हा वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होता. सातव्या रेघेला म्हणाला, "मामा, अजून त्रेपन्न राहिल्यात. मी चहा टाकू का?" त्या रात्री मी ठरवलं होतं की हे पुस्तक विकून टाकायचं.

विकलं नाही. उलट आता तोच साठचा आकडा मला अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ते कसं झालं ते सांगतो.

गर्प्स काय आहे हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ साली काढलेली, कुठल्याही काळाला चालावी अशी नियमांची पद्धत. मी वापरतो ती २००४ची चौथी आवृत्ती, दोन जाडजूड खंडांची. पहिल्यात कॅरेक्टर आणि सामान, दुसऱ्यात लढाई आणि खेळ चालवण्याचं बाकी सगळं. दोन्ही खंडांना मिळून वाहतुकीसकट जवळपास नऊ हजार गेले. एवढ्या पैशात आमच्या घरी दिवाळीचा फराळ आणि फटाके होऊन वर उरतात. त्यात विक्रेत्याने दोन्ही पाकिटांत क्रमांक दोनचाच खंड पाठवला. फोटो पाठवले, पावती पाठवली, तरी तिकडून एकच उत्तर, "सर, दोन पुस्तकं पोचली आहेत ना?" पानांचे क्रमांक दोन्ही खंडांत सलग आहेत. तेव्हा शेवटी दोन्ही प्रतींच्या पहिल्या पानावरचा तोच तीनशेच्या पुढचा आकडा बोट ठेवून दाखवला, मग त्यांना पटलं. तीन आठवडे गेले. तोवर मी घोडे वाचत बसलो, कारण घोडे दुसऱ्या खंडात आहेत.

खर्चाची एकच बाजू सुखाची. वीस बाजूंचे, बारा बाजूंचे असले महागडे फासे लागत नाहीत. सापशिडीच्या डब्यातले साधे तीन फासे पुरतात. तिन्ही टाकायचे, बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम झालं.

आता परत खिंडीकडे. आमच्या गटात एका मित्राची बायको आहे, शाळेत इतिहास शिकवते. पुढच्या वेळी मी तो साठचा नियम काढून दहा करणार होतो. वहिनींनी अडवलं. "भाऊजी, तो नियम बदलू नका, त्याला खेळायचं कसं ते सांगा. एक बार काढायचा, बंदूक टाकायची, तलवार उपसायची. खिंड ही हातघाईचीच जागा." आम्ही तीच लढाई पुन्हा लावली. भाच्याने बार काढला, बंदूक मागच्याकडे दिली आणि ढाल पुढे केली. खेळ सुसाट सुटला! तेव्हा लक्षात आलं की त्या साठ सेकंदांतच १६६० आहे. पंधरा सेकंदांत भरणारी बंदूक दिली असती तर तीच खिंड दुसऱ्याच शतकात गेली असती.

मग बार फुसका जाण्याचा नियम उघडला. पुस्तक काळाला टेक लेव्हलचा एक आकडा देतं. १४५० ते १७३० चौथी पातळी, तिथून १८८० पर्यंत पाचवी, पुढे १९४० पर्यंत सहावी. चौथ्या पातळीवर गोळी झाडताना १४ किंवा जास्त पडलं की बंदूक बिघडते. तीन फाशांवर हे २१६ पैकी ३५ वेळा येतं, म्हणजे दर सहा बारांमागे साधारण एक. पाचव्या पातळीवर १६, म्हणजे बावीस बारांत एक. सहावीपासून पुढे १७, म्हणजे चोपन्नांत एक. काळ पुढे सरकतो तशी बंदूक भरवशाची होत जाते हे या तीन आकड्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला वर्णनं वाचून कधी दिसलं नव्हतं. पावसाचं आम्ही आमच्यापुरतं ठरवलं. आम्ही कोल्हापूरचे, त्याच वाटेवरचं मसाई पठार जुलैत तुडवलेलं आहे, तिथे काडीसुद्धा पेटत नाही. म्हणून उघड्यावर १४ ऐवजी ११. बरोबर निम्मे बार फुकट.

घोड्यांचं तर फारच आवडलं. चौथ्या पातळीवर माणसाच्या हाती सुरुवातीला २,००० डॉलर (पुस्तकात सगळी नाणी डॉलरच). लढाईचा घोडा ४,०००ला. म्हणजे साध्या माणसाला तो परवडतच नाही. कॅरेक्टर घडवायला मिळतात त्यातले दहा पॉइंट खर्चून सुखवस्तू झालात तर रक्कम दुप्पट होते आणि घोडा येतो, पण मग तलवारीला पैसे उरत नाहीत. हे वाचताना मी मोठ्याने म्हणालो, अरे, हा तर शिलेदार आणि बारगीर! स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारचा घोडा घेऊन चाकरी करतो तो बारगीर. बारगिराला आम्ही पैसे न देता 'ड्यूटी' ही अडचण दिली, तिचे पॉइंट त्याला परत मिळाले आणि घोडा पागेतून. टेक्सासमध्ये लिहिलेल्या पुस्तकात आमची पागा इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. डॉलरचे होन आणि शिवराई करायचा तक्ता मात्र मी आठवडाभर घासला आणि सोडून दिला. टेबलावर त्याने काडीचा फरक पडत नाही.

सामाजिक दर्जाचा नियम मात्र आपल्याकडे लंगडा पडतो. पुस्तकात त्याची एकच सरळ शिडी आहे. गावचा पाटील, देशमुख, किल्ल्यावरचा हवालदार यांना त्या शिडीवर कोण वर आणि कोण खाली असं उभं करता येत नाही. वतन पिढ्यांचं असतं, हुद्दा महाराजांनी दिलेला आणि पगारी असतो, आणि त्या काळाचं अर्धं राजकारण याच दोघांच्या ओढाताणीत आहे. आम्ही दोन वेगळे आकडे ठेवले, एक गावातला आणि एक लष्करातला. कुठे उभे आहात त्यावर कुठला चालेल ते ठरतं.

फेब्रुवारीत आम्ही दोनशे वर्षं पुढे गेलो. १८५८चा मार्च, इंग्रज सेनापती ह्यू रोजचा झाशीला वेढा. वहिनींचं कॅरेक्टर म्हणजे दान-दक्षिणेच्या आशेने कोकणातून उत्तरेत गेलेला भिक्षुक, हातात पळी-पंचपात्रीशिवाय काही नाही. आणि इथेही मी पुन्हा बंदूक भरण्याच्या रकान्यातच अडकलो. साठवरून पंधरा. हे पंधरा कशामुळे? कागदी काडतूस. दारू आणि गोळी एकाच पुडीत, दातांनी टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. ज्या पुडीने सेकंद वाचवले त्याच पुडीला चरबी लावल्याची बातमी पसरली आणि १८५७ पेटलं. ठिणगी पडायला आधी किती दारू साठली होती हे मला माहीत आहे, पण ठिणगी या रकान्यात आहे. मी भाच्याला जुन्या वर्तमानपत्राची पुडी करून दिली, आत रांगोळी भरली आणि घड्याळ लावलं. "दातांनी फाड." त्याने फाडली, रांगोळी ओठांवर आली, तो थांबला. मग म्हणाला, "मामा, हे तोंडात घ्यायलाच लागतं?" त्यानंतर त्या मोहिमेत त्याच्या शिपायाने काय करायचं हे मला सांगावं लागलं नाही.

इथवर माझं मत होतं, पाचपैकी पाच.

मग मे महिन्यात मुंबई. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. कापूस, सोन्याच्या विटा आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं एकाच जहाजात. दुपारी धूर दिसला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आमची टोळी म्हणजे अग्निशमन दलाचे जवान आणि गोदीतले हमाल. आणि पुस्तक आडवं झालं. दोन तास म्हणजे ७,२०० टर्न. बंदूक नाही, शत्रू नाही, आणि ज्या सेकंदाच्या टर्नचं मी कौतुक करत होतो तोच खेळाच्या गळ्यात धोंडा झाला. त्या दोन तासांत जे घडलं ते हातापायांनी घडलेलं नव्हतंच. जहाज बुडवायचं का, बाहेर ओढून न्यायचं का, आणि तो हुकूम कुणी द्यायचा, यातच वेळ गेला. लढाईबाहेरचा वेळ गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ठरवावा असं पुस्तक म्हणतं, पण अनेक अधिकारी एकाच बोटीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतील तर काय, त्यासाठी हाताशी काही देत नाही. शेवटी मी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खेळातला दर दहा मिनिटांचा वेळ खऱ्या पाच मिनिटांत बसवला. वहिनी पाण्याचे होस मोजत होत्या. त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून खेळात ४ वाजून ६ मिनिटं झाली तेव्हा कुणीच फासे उचलले नाहीत.

त्या रविवारनंतर मी माझं मत बदललं. काळ माणसाच्या हातात असेल, म्हणजे बंदूक, घोडा, ढाल, तर या पद्धतीला तोड नाही. काळ कचेरीत आणि हुकमात असेल तर अर्धं काम तुम्हालाच करावं लागतं. चार तारे, आणि पाचवा फक्त त्या एका रकान्यासाठी मनात राखून ठेवलाय.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की नऊ हजार लगेच घालू नका. कंपनीच गर्प्स लाइट नावाची ३२ पानांची फाइल फुकट देते. ती छापून घ्या, दोन-तीन रविवार खेळा. मग पहिला खंड घ्या, दुसरा सगळ्यात शेवटी, आणि पाकीट उघडताना व्हिडिओ काढा.

पुढच्या रविवारी आम्ही परत खिंडीत जातोय. भाच्याने या वेळी बंदूक नको म्हणून सांगितलंय, त्याला दांडपट्टा हवाय. दोन्ही खंड चाळले, शस्त्रांच्या तक्त्यात दांडपट्टा नाही. तेव्हा काल रात्री बसून लांब तलवारीच्या आकड्यांवरून मीच एक ओळ तयार केली. मनगट खोबणीत अडकलेलं, म्हणून हातातून पट्टा सहज पडणार नाही, पण त्या हाताने दुसरं काही धरताही येणार नाही. पट्टा चढवायला किती टर्न लावायचे ते अजून ठरलेलं नाही. कुणी खराखुरा हातात चढवला असेल तर किती सेकंद लागतात ते कळवा.