विंडोज ११ ने नाकारलेल्या पीसीवर लिनक्स मिंट: आठ महिन्यांचा वापर

पीसी जुनाच: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चांगला चालता पीसी भंगारात घालवण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम बरी. खेळ चालतात. डोकं खातात ते ड्रायव्हर आणि डिस्क.

आधी ड्रायव्हर. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचे बरेच पर्याय दिसतात, त्यातल्या काहींच्या शेवटी ‘ओपन’ असतं. नावाला भुलू नका. ते मॉड्यूल ट्युरिंगपासून पुढच्या, म्हणजे १६०० आणि २००० मालिकेच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी आहे. १०६० वर ते चालतच नाही. ‘ओपन’ नसलेला साधा ५८० क्रमांकाचा ड्रायव्हर घ्या. पास्कल, म्हणजे १०६० च्या पिढीच्या, कार्डांसाठी हीच शेवटची शाखा, तेव्हा त्यापुढचा आकडा दिसला तरी हात लावायचा नाही. सिक्युअर बूट (सही मान्य असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात की तो निघून जातो, ड्रायव्हरची सही मान्य होत नाही, आणि कार्ड असूनही खेळ कासवाच्या गतीने चालतात. निम्म्या ‘लिनक्सवर खेळ अडकतात’ तक्रारी इथल्याच असाव्यात.

लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला वायफाय डोंगल घेणार असाल तर आतली चिप कोणती ते विचारून घ्या, प्रत्येक चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये असतोच असं नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर घेऊ नका. तोवर अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता डिस्क. विंडोजच्या डी ड्राइव्हवर खेळ आधीच आहेत, स्टीमला (खेळ घेण्याच्या आणि चालवण्याच्या अ‍ॅपला) तोच फोल्डर दाखवू, असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं स्टीममधलं प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक खोटं विंडोज उभं करतो आणि त्यात ‘सी:’ अशा नावाची लिंक बनवतो. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. मग कधी खेळ उघडतच नाही, कधी विंडोजमध्ये डिस्क तपासणी झाली की त्या लिंका उडतात. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्राइव्ह अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्समध्ये फक्त वाचता येतो. खेळांसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीचं वेगळं पार्टिशन करा, स्टीमच्या जुन्या ‘कॉमन’ फोल्डरमधून खेळाचा फोल्डर तिकडच्या ‘कॉमन’मध्ये कॉपी करा आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आहेत त्या फाइल्स ओळखतो, फरक असेल तेवढंच डाउनलोड करतो. स्टीम स्वतः डेब या मिंटच्या नेहमीच्या पॅकेजमधून घ्या. फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजवाल्याला दुसऱ्या डिस्कवर जायला वेगळी परवानगी द्यावी लागते.

खेळांचं म्हणाल तर काउंटर-स्ट्राइक २ लिनक्ससाठीच बनवलेला आहे. मुंबईचाच सर्व्हर मिळतो, फायबरवर पिंगची तक्रार नाही. डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्स पद्धत) चे खेळ प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून चालवतं, फरक जाणवत नाही. डायरेक्टएक्स १२ चे मात्र या कार्डावर स्पष्ट मंदावतात, सेटिंग एक पायरी खाली आणावीच लागते. खेळ उघडण्याआधी शेडर (चित्र रंगवणारे कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होतात, चार कोअरवर त्याला वेळ लागतो; ‘स्किप’ दाबलं तर खेळात प्रत्येक नव्या वळणावर झटका बसतो. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट विसरा. एपेक्सने २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं. त्याच वर्षी जीटीए ऑनलाइनही गेलं, जीटीए ५ ची कथा मात्र खेळता येते. मित्रमंडळी रात्री व्हॅलोरंटवरच जमत असतील तर विंडोज काढू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलीत तर घड्याळ साडेपाच तासांनी सरकू शकतं. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ते ग्रीनिचचं समजतं. लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भागतं. टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम.

प्रोग्रामिंगला इथे मजा आहे, पण टर्बो सी वर शिकलेल्यांना पहिला दणका बसतो. कोनिओ हेडरच नाही, त्यामुळे क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच दोन्ही गेले. दुसरा फरक जास्त बोलका. टर्बोमध्ये इंट १६ बिटांचा, म्हणून ८ चं फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी उणे २५२१६ येतं. जीसीसीत इंट ३२ बिटांचा, तिथे १२ पर्यंत उत्तर बरोबर आणि १३ ला गाडी घसरते. जर्नलमध्ये जुनं आउटपुट उतरवलेलं असेल तर तेवढं पुन्हा चालवून बघा. पायथनमध्ये पिप (पॅकेज टाकणारी कमांड) थेट चालवलं तर मिंट नकार देतं. ती चूक नव्हे, सिस्टीमचे पायथन पॅकेज बिघडू नयेत म्हणून केलेली सोय आहे. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे पायथन पॅकेजांचा स्वतंत्र फोल्डर, बनवा.

मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडा. ‘दऱ्या’मधला ऱ्य हवा तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरपी रेघ. साधं जे दाबलंत तर ‘दर्या’ उमटतो, आणि दऱ्यांचा समुद्र होतो.